काचेवरची रेघ

माणूस चित्र काढतो तेव्हा त्याचे डोळे कुठे असतात? असा प्रश्न कोणी विचारला तर आपण त्याला हसू. डोळे लेखणीच्या टोकावर असतात. दुसरे कुठे असणार? भीमबेटक्याच्या खडकांवर गेरूने जनावरे रंगवणारा आदिमानव घ्या, भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणारी वारली सुवासिनी घ्या, नाहीतर याच दिवाळीत पहाटे उठून दारात रांगोळीचे ठिपके मोजणारी आपल्या घरातली मुलगी घ्या. हात जिथे, तिथे डोळा. आपल्याकडे लिहिण्याचा श्रीगणेशासुद्धा याच रीतीने होत असे. फळ्यावर धूळ पसरायची, तीत बोटाने अक्षर काढायचे, मोडायचे आणि पुन्हा काढायचे. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्या धूळपाटीनेच आपल्याला दिला. पुढे दगडी पाटी आली, बोरू आला, टाक आला, कुंचला आला. पण हात आणि डोळा यांची जोडी कोणी फोडली नाही.

गेल्या साठ वर्षांत मात्र या साध्या गोष्टीत मोठी उलथापालथ होऊन गेली. संगणक नावाचे यंत्र आले, त्यावर चित्र काढण्याची हौस माणसाला झाली, आणि ती हौस भागवताना हात एकीकडे व डोळा दुसरीकडे अशी त्यांची ताटातूट झाली. ती का झाली, आणि त्या दोघांची पुन्हा गाठ घालून देण्यासाठी कोण कोण खपले, याची हकीकत मी येथे सांगणार आहे. मी इतिहासाचा शिक्षक, यंत्रशास्त्राचा नव्हे. परंतु ही हकीकत नुसत्या यंत्रांची नाही. ज्या घरात चित्रकलेची आवड असलेले एखादे मूल आज आहे, त्या घराच्या खिशाशी आणि त्या मुलाच्या खांद्याशी व मानेशीही तिचा संबंध आहे.

प्रथम आजच्या बाजाराची थोडी ओळख करून घेऊ. संगणकावर चित्र काढायला दोन तऱ्हेच्या पाट्या मिळतात. एक नुसती काळी पाटी. तिच्यावर लेखणी फिरवली की रेघ उमटते ती समोरच्या पडद्यावर. पाटी कोरीच्या कोरी राहते. तिला पेन टॅब्लेट म्हणतात. दुसरी पाटी म्हणजे स्वतःच एक पडदा. लेखणी काचेवर टेकवावी आणि टोकाखालीच रेघ उमटावी, अशी तिची करणी. तिला पेन डिस्प्ले म्हणतात. आपण सोयीसाठी पहिलीला काळी पाटी आणि दुसरीला उजळ पाटी म्हणू. दोघींच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक असतो. चांगली काळी पाटी काही हजारांत येते. उजळ पाटीला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात, आणि उत्तमातली उत्तम घ्यायची तर लाखाची नोटही पुरत नाही. एवढा पैसा कशासाठी द्यायचा, हे दुकानातल्या माहितीपत्रकावरून समजत नाही. ते समजते इतिहासावरून.

या इतिहासाचा आरंभ संगणकाच्याही पूर्वी होतो. टेलिफोनच्या जन्मकथेत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याबरोबर एलिशा ग्रे या अमेरिकन संशोधकाचे नाव नेहमी येते. १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी दोघांचे कागद पेटंट कचेरीत दाखल झाले आणि यश बेल यांच्या पदरात पडले. ग्रे हात जोडून बसले नाहीत. माणसाचा आवाज तारेवरून जातो, तर त्याचे हस्ताक्षर का जाऊ नये, या विचाराने त्यांनी ‘टेलऑटोग्राफ’ हे यंत्र सिद्ध केले व १८८८ साली त्याचे पेटंट मिळवले. इकडे माणसाने लेखणी हलवली की तिच्या हालचालींचे विजेच्या प्रवाहात रूपांतर होई, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला दुसरी लेखणी हुबेहूब तशीच हले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले, आणि पुढे बँकांत व रेल्वे स्टेशनांवर ते बराच काळ वापरातही होते. हाताची हालचाल हातापासून वेगळी काढता येते, तारेतून पाठवता येते आणि भलतीकडे उमटवता येते, हे ग्रे यांच्या यंत्राने दाखवून दिले. ताटातुटीचे बीज येथे पडले.

पुढचा अध्याय युद्धाच्या छायेतला आहे. दुसरे महायुद्ध संपून अमेरिका आणि रशिया यांच्यात शीतयुद्ध सुरू झाले होते. उत्तर ध्रुवाकडून शत्रूची विमाने येतील या धास्तीने अमेरिकेने १९५० च्या दशकात ‘सेज’ नावाची प्रचंड संरक्षणव्यवस्था उभारली. रडारवर दिसलेली विमाने गोल पडद्यावर ठिपक्यांच्या रूपाने दिसत. त्यातला कोणता ठिपका तपासायचा हे यंत्राला सांगावे कसे? त्यासाठी शिपायाच्या हाती पिस्तुलाच्या आकाराची ‘लाइट गन’ दिलेली असे. ती ठिपक्यावर रोखून चाप ओढला की यंत्र समजे, साहेबांना हाच ठिपका हवा आहे. रात्र रात्र जागणाऱ्या त्या शिपायांसाठी टेबलातच राखदाणी आणि सिगारेट पेटवण्याचे साधन बसवलेले होते. पडद्याला लेखणी लावण्याची कल्पना अशा जागी आणि अशा कामासाठी निघाली. चित्रकाराची तेव्हा कोणाला आठवणही नव्हती.

या बंदुकीची पुढे लेखणी झाली. तिचे नाव लाइट पेन. तिची गंमत अशी की ती मुळी लिहीतच नसे. ती पाहत असे. तिच्या टोकात प्रकाश ओळखणारा एक डोळा बसवलेला होता. पडद्यावरचे ठिपके एकामागून एक उजळत जात. लेखणीच्या डोळ्याला ज्या क्षणी उजेड दिसे, त्या क्षणी कोणता ठिपका उजळला होता, हे यंत्राला ठाऊकच असे. तेव्हा लेखणी कुठे आहे याचे उत्तर आपोआप मिळे. चोर कोणत्या वेळी सापडला यावरून तो कोणत्या गल्लीत होता हे ओळखावे, तसा हा प्रकार.

हे साधन हाती घेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतल्या आयव्हन सदरलँड या तरुणाने १९६३ साली आपला प्रबंध सादर केला. त्याच्या प्रणालीचे नाव होते ‘स्केचपॅड’. वय जेमतेम पंचविशीतले, आणि यंत्र लिंकन प्रयोगशाळेतले टीएक्स–२. त्याची मार्गदर्शक मंडळी मोठी होती. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन हे त्यांतलेच एक. सदरलँडने पडद्यावर एक उजळ फुली दाखवली. लेखणी फुलीवर धरून हलवली की फुली तिच्या मागोमाग, वासरू गाईच्या मागे जावे तशी, येत राही. डाव्या हाताशी बटणे असत. ती दाबून यंत्राला सांगायचे, येथून रेघ सुरू कर, येथे वर्तुळ काढ. रेघ संपवायची तर लेखणी चटकन झटकायची. फुलीला तो वेग झेपत नसे आणि रेघ तेथे तुटे. वेड्यावाकड्या रेघा काढून ‘या समांतर कर’ म्हटले की यंत्र त्या सरळ करून देई. एका मुलीचा चेहरा काढून तिला डोळा मिचकावायलाही त्याने लावले. आज घराचे आराखडे ज्या प्रणालींवर निघतात, त्यांची ही आद्य आजी. संगणकशास्त्रातले सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक सदरलँडना १९८८ साली मिळाले.

वाचक म्हणतील, मग येथे तर डोळा आणि हात एकत्रच होते! होते खरे. परंतु तिसऱ्याच एका अवयवाने तक्रार केली. तो म्हणजे खांदा. पडदा उभा, आणि लेखणी त्याच्यावर धरायची. हाताला टेकू नाही. भिंतीवर खिळा ठोकायला दोन मिनिटे हात वर धरला तरी आपला दंड भरून येतो; येथे तर तासन्‌तास चित्र काढायचे. शिवाय लेखणीच्या डोळ्याला उजेड लागे, त्यामुळे जेथे पडदा काळा असेल तेथे ती आंधळी. रेघ थरथरे. पडद्याची जाड काच मध्ये असल्यामुळे लेखणीचे टोक आणि ठिपका यांत अंतर राही ते वेगळेच. कल्पना थोर, पण हात दमवणारी.

यावर तोडगा निघाला तो कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका येथील रँड कॉर्पोरेशन या संस्थेत. १९६४ साली डेव्हिस आणि एलिस या दोन संशोधकांनी एक पाटी तयार केली. लिहिण्याची जागा दहा इंच लांब, दहा इंच रुंद. पृष्ठभागाखाली तांब्याच्या अतिशय बारीक रेषांची आडवी-उभी जाळी, इंचाला शंभर रेषा या हिशेबाने. प्रत्येक रेषेतून विजेचे निराळे संकेत जात, आणि लेखणी ज्या जागी असेल तेथले संकेत टिपून ती यंत्राला कळवी. म्हणजे सुमारे दहा लाख जागांपैकी लेखणी नेमकी कोणत्या जागी आहे ते यंत्राला समजे. पाटी टेबलावर आडवी. हात टेकलेला. खांदा सुखी.

आणि येथेच ती ताटातूट झाली. पाटी टेबलावर, चित्र समोरच्या पडद्यावर. हात खाली चालतो आणि डोळा वर पाहतो. आश्चर्य असे की माणसाला याची सवय होते. सायकल शिकताना पहिले दोन दिवस अशक्य वाटते आणि तिसऱ्या दिवशी पाय आपोआप चालू लागतात, तसेच येथे घडते. म्हणून तर ही काळी पाटी टिकली आणि आजही लाखो लोक तिच्यावर काम करतात. पण अक्षर लिहिणे वेगळे, बटण निवडणे वेगळे आणि डोळ्याच्या पापणीची रेघ काढणे वेगळे. पापणी काढताना चित्रकार रेघ निघण्यापूर्वीच ती कुठे संपणार हे डोळ्याने ठरवत असतो. त्या वेळी हात दुसऱ्या गावी असला म्हणजे काय होते, हे चित्रकारालाच विचारावे.

पुढची वीस वर्षे या पाटीचा पसारा वाढत गेला. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रिचर्ड शूप यांनी ‘सुपरपेंट’ सिद्ध केले, आणि रेघेबरोबर रंगही आले. १९८१ साली इंग्लंडमधील क्वांटेल कंपनीने दूरचित्रवाणीसाठी ‘पेंटबॉक्स’ बाजारात आणला. त्याच्या लेखणीला दाब कळत असे. हलके धरले तर फिकट, दाबले तर गडद. डेव्हिड हॉकनींसारख्या मोठ्या चित्रकाराने त्यावर काढलेली चित्रे बीबीसीने १९८७ मध्ये प्रेक्षकांना दाखवली. परंतु हा पेंटबॉक्स एखाद्या चित्रकाराने घरी नेऊन ठेवावा असा नव्हता. त्याची किंमत दूरचित्रवाणी केंद्रांनाच परवडे. शिवाय लेखणीला तार होती आणि चित्र वेगळ्या पडद्यावर उमटत होते. हात आणि डोळा अजून दोन गावांतच राहत होते.

त्यांची गाठ घालून देण्याचे श्रेय प्रामुख्याने जपानला जाते. टोकिओजवळच्या सायतामा प्रांतात १९८३ साली वाकोम ही कंपनी निघाली, आणि पुढच्याच वर्षी तिने लेखणीची तार कापून टाकली. नुसती तारच नव्हे, लेखणीत सेलही ठेवला नाही. मग तिला वीज मिळते कोठून? येथे आपल्या संगीताचा दाखला उपयोगी पडेल. सतारीला मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना सहसा कोणी छेडत नाही; वरच्या तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. वाकोमच्या लेखणीत तारेचे एक वेटोळे आणि वीज साठवणारा एक लहानसा घटक असतो, आणि ते दोन्ही मिळून एका ठराविक सुराला लावलेले असतात. पाटी तो सूर चुंबकीय लहरींच्या रूपाने क्षणभर सोडते आणि लगेच गप्प होऊन कान देते. लेखणीतली तरफ झंकारलेली असते. तो झंकार पाटीच्या जाळीतल्या ज्या तारांना सर्वांत जोरात ऐकू येईल, तेथे लेखणी आहे असे समजायचे. टोकावर दाब दिला की तरफेचा सूर किंचित उतरतो किंवा चढतो. त्यावरून दाब किती हे कळते. हे बोलणे-ऐकणे सेकंदात शेकडो वेळा चालते.

या युक्तीतून आणखी एक लाभ झाला, आणि आपल्या कथेच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. चुंबकीय लहरींना काच आडवी येत नाही. तेव्हा ही जाळी पडद्याच्या वर न ठेवता त्याच्या पाठीमागे लपवता येते. फक्त पडदा पातळ हवा. जुन्या दूरचित्रवाणीच्या पेटीसारखा ढोलगा असेल तर उपयोग नाही. सपाट पडदे १९९० च्या सुमारास हाताशी येऊ लागले, आणि १९९२ साली वाकोमने पडदा व पाटी एकत्र असलेले आपले पहिले यंत्र विक्रीला काढले. २००१ साली तिने ‘सिंटिक’ या नावाची मालिका सुरू केली आणि चित्रपटांच्या व व्यंगचित्रांच्या कारखान्यांत ती रुळली. रँडच्या पाटीपासून त्या पहिल्या यंत्रापर्यंत मोजले तर अठ्ठावीस वर्षांनी लेखणीच्या टोकाखाली पुन्हा रेघ आली. धूळपाटीवर गिरवणाऱ्या पोराला जे फुकट मिळत होते, ते इतके खपून परत मिळवावे लागले!

परंतु इतिहास एवढ्यावर थांबत नाही. आता दोन नव्या तक्रारी उभ्या राहिल्या. पहिली डोळ्याची. पडद्याच्या वर संरक्षक काच, तिच्या खाली थोडी पोकळी, आणि त्याखाली चित्र. समोरून पाहिले तर ठीक. तिरपे पाहिले की टोक एका जागी आणि रेघ दुसऱ्या जागी. वाण्याच्या तराजूचा काटा बाजूने पाहिला की पाव किलोचा फरक दिसतो, तसलाच हा दृष्टिभ्रम. पुढे काच आणि पडदा एकमेकांना चिकटवून पोकळी काढून टाकण्याची पद्धत आली. माहितीपत्रकात ‘फुल लॅमिनेटेड’ असे दोन शब्द असतात, त्यांचा अर्थ हा. दुसरी तक्रार मानेची. चित्र आता खाली आले. डोळा खाली गेला. मागोमाग मानही गेली. लाइट पेनने खांदा दमवला, काळ्या पाटीने डोळ्याला परदेशी पाठवले आणि उजळ पाटीने मान वाकवली. प्रत्येक यंत्राने एका अवयवाचे ओझे उतरवले आणि ते दुसऱ्याच्या डोक्यावर दिले.

मला वाटते, या सगळ्या इतिहासाचे सार यातच आहे. निवड करायची म्हणजे सर्वांत चांगले यंत्र कोणते हे विचारायचे नाही. आपल्या कामात कोणत्या अवयवावर ओझे पडून चालेल, हे विचारायचे.

हे सारे मी शोधत बसलो त्याला निमित्त आमची भाची. ती सांगलीला असते आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. चार वर्षे तिने काळ्या पाटीवर काम केले. कामे मिळत होती, पैसेही थोडेफार मिळत होते, पण एकदा ती मला म्हणाली, “मामा, रंग माझे वाटतात, रेघ माझी वाटत नाही. कागदावर मी ससा काढला तर तो पळतो. पाटीवर काढला की तो बसून राहतो.” एका प्रकाशकाने तिला बारा पुस्तकांची मालिका देऊ केली होती, आणि नमुन्याची चित्रे पाहून रेघ जरा निर्जीव आहे असा शेरा मारला होता. तिच्याजवळ तीस हजारांची पुंजी होती. त्यात एक चूक झाली असती तर दुसऱ्यांदा घेण्याची सोय नव्हती. आणि मालिका हातची गेली तर पुंजी पुन्हा साठणेही अवघड होते.

लोकांनी सल्ले दिले. एक म्हणाला, मोठ्या नावाची जपानी पाटीच घे. दुसरा म्हणाला, आकार मोठा घे, बाकी काही पाहू नकोस. तिसऱ्याने दाबाचे आकडे तोंडपाठ केले होते. पूर्वी लेखणीला दाबाच्या १०२४ पायऱ्या कळत, मग २०४८ झाल्या, मग ८१९२, आणि आता १६३८४ चीही जाहिरात होते. मी भाचीला एवढेच विचारले, “तुझ्या हाताला दाबाच्या किती पायऱ्या करता येतात?” ती हसली. पायऱ्या किती यापेक्षा पहिली पायरी किती खाली आहे, हे पाहायला हवे. म्हणजे लेखणी पिसासारखी टेकवली तरी रेघ निघते का? मुलाच्या गालावरची सावली तेथे ठरते. तो आकडा मोठ्या अक्षरांत कोणी छापत नाही.

मोठ्या नावाविषयीही इतिहास काही सांगतो. तरफेच्या लेखणीची पेटंटे अनेक वर्षे एकाच कंपनीकडे होती, म्हणून इतरांना लेखणीत सेल घालावा लागे. लेखणी जड होई आणि काम ऐन रंगात आले असता सेल संपे. पेटंट काही अमरपट्टा नव्हे. त्याची मुदत संपतेच. जुन्या पेटंटांची मुदत सरली तशा शेन्झेनच्या ह्यूऑनसारख्या चिनी कंपन्याही सेलविरहित लेखण्या करू लागल्या. स्पर्धा वाढली तशी किंमत उतरली. २०२० साली वाकोमनेही १३.३ इंची पडद्याची पाटी सुमारे चारशे डॉलरांना बाजारात आणली. तेव्हा आज नुसत्या नावासाठी जादा पैसे देण्याचे कारण पूर्वीइतके उरलेले नाही. दुरुस्तीची सोय जवळ आहे की नाही, हे मात्र जरूर विचारावे.

आकाराचा हिशेब तर शाळकरी मुलालाही करता येईल. १३.३ इंची रुंद पडदा म्हणजे साधारण २९ सेंटिमीटर लांब आणि साडेसोळा सेंटिमीटर उंच. ए–फोर कागदाच्या लांबीएवढा, पण रुंदीला अपुरा. १५.६ इंची असेल तर साडेचौतीस सेंटिमीटर लांब आणि साडेएकोणीस सेंटिमीटर उंच. २१.५ इंची पडद्यावर हात खांद्यापासून फिरवता येतो; पण स्वस्तातल्या मोठ्या पडद्यावरही ठिपके तेवढेच असतात, १९२० गुणिले १०८०. लहान पडद्यावर ते इंचाला सुमारे १६६ बसतात, मोठ्यावर १०२. म्हणजे मोठा पडदा घेतला की ठिपके मोठे दिसतात आणि नाक पडद्यापासून वीतभर अंतरावर असताना ते डोळ्यांना टोचतात.

आम्ही पुण्याच्या एका दुकानात गेलो. बरोबर नेली एक फूटपट्टी. विक्रेत्याला नवल वाटले. भाचीने पट्टी तिरपी ठेवली आणि तिच्या कडेने लेखणी मुंगीच्या वेगाने ओढली. एका पाटीवर रेघ सरळ आली. दुसरीवर तीच रेघ पायऱ्यापायऱ्यांची, नागमोडी झाली. जाळीतल्या दोन तारांच्या मधली जागा पाटीला नीट ओळखता येत नसली की असे होते. घाईघाईने काढलेल्या रेघेत हा दोष झाकला जातो, म्हणून रेघ सावकाश काढायची. मग तिने चारही कोपऱ्यांत ठिपके दिले, कारण कडेला नेम चुकणाऱ्या पाट्या पुष्कळ असतात. मग खुर्चीत नेहमीसारखी बसून, म्हणजे तिरप्या नजरेने, टोक आणि रेघ यांतले अंतर पाहिले. मग हात काचेवर पंधरा मिनिटे टेकवून ठेवला. काही पाट्या तापतात आणि उन्हाळ्यात सांगलीला तापलेली पाटी कोणाला हवी! शेवटी विक्रेत्याला विचारले, आमच्या लॅपटॉपला ही जोडायची कशी? कारण उजळ पाटी स्वयंभू नव्हे. ती संगणकाचा दुसरा पडदा आहे. लॅपटॉपला एचडीएमआयचे भोक नसेल, किंवा टाइप–सी असूनही त्यातून चित्र जात नसेल, तर घरी नेलेली पाटी शोभेची वस्तू होऊन बसते.

तिने घेतली ती १५.६ इंची, चिकटवलेल्या काचेची, मधल्या किमतीची पाटी. उरलेल्या पैशांत मोठी पाटी आली नसती. पण पडदा हवा तसा तिरपा करून धरणारी मजबूत घडवंची आली. ती घ्यायचा आग्रह माझा. मान वाकवणारे यंत्र घ्यायचे आणि मानेची सोय करायची नाही, हे इतिहास वाचलेल्या माणसाला शोभत नाही. जुनी काळी पाटीही तिने विकली नाही. रेघ उजळ पाटीवर काढायची, रंग काळ्या पाटीवर भरायचे, अशी तिने वाटणी केली. रंग भरताना नेमके टोक लागत नाही. मान ताठ राहते आणि आपल्याच हाताखाली चित्र झाकले जात नाही. पुष्कळ नामांकित चित्रकार आजही काळीच पाटी वापरतात, त्याचे कारण हेच. प्रकाशकाने मालिका दिली. ससा पळू लागला की नाही ते मुले ठरवतील. पण शेरा मात्र पुन्हा आला नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा कागद काय वाईट? वाईट मुळीच नाही. दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ अंकासाठी काढलेली चित्रे कागदावरचीच होती आणि ती पाहायला घराघरांतली माणसे वर्षभर वाट पाहत. रघुवीर मुळगावकरांनी हवेच्या फवाऱ्याने रंग उडवून देवदेवतांच्या चेहऱ्यांवर जी मुलायम झळाळी आणली, ते साधनही त्या काळी नवेच होते. मुळगावकरांच्या चित्रांत आपल्याला फवारा दिसत नाही, कृष्ण दिसतो. नवे साधन वाईट नसते आणि जुने साधन पवित्र नसते. ज्या साधनाची आठवण काम करताना पुसली जाते, ते आपले.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा पाडव्याच्या मुहूर्तावर अशी खरेदी व्हायची असेल, त्यांना या इतिहासाच्या आधारे दोन शब्द सांगतो. मूल नुकते शिकत असेल तर काळी पाटी घ्या. रँडच्या पाटीवर माणसे शिकली, तुमचे मूलही शिकेल, आणि न जमल्यास तोटा थोडा होईल. ज्याची रेघ कागदावर बोलते आणि पाटीवर मुकी होते, त्याच्यासाठी उजळ पाटीचे पैसे वाया जात नाहीत. पण ती घेताना आकड्यांचे माहितीपत्रक विक्रेत्याच्या हातात परत द्या, पट्टी मागा, आणि जो चित्र काढणार आहे त्याच्याच हातात लेखणी द्या. पैसे देणाऱ्याने जरा बाजूला उभे राहावे. रेघ सावकाश निघू द्यावी आणि त्या वेळी पाटीकडे न पाहता काढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. त्याचे डोळे लेखणीच्या टोकावरून हलले नाहीत, तर पाटी घरी न्यायला हरकत नाही.